मोरव्याच्या वाटेवरचा पेंढा

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. जुलै महिन्यातल्या एका बुधवारी विधानसभेत, प्रश्नोत्तराच्या तासात, मोरव्याच्या पाण्याचा प्रश्न पुकारला गेला. मोरवा हे भाईंदर पश्चिमेचं जुनं गाव. प्रश्नाचे तीन भाग होते. गावालगतचा नाला इमारतींच्या भरावाने बुजल्यामुळे शेतांत व शेजारच्या वस्तीच्या तळमजल्यांत पाणी साचते, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? पाण्याच्या खात्याच्या मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं. "एक, हे खरे नाही. दोन व तीन, प्रश्न उद्भवत नाही."

पावसाळी अधिवेशन आता घरबसल्या पडद्यावर दिसतं. जुलै आला की बातम्यांच्या मधे सभागृहाचा एखादा तुकडा येतो. कुणीतरी उभं राहून "हे खरे आहे काय" असं विचारतं, त्या ठरलेल्या चालीत, शेवटच्या शब्दावर किंचित चढून. समोरून कुणीतरी कागद वाचतं. माणसं बदलली, चाल तीच आहे. पत्रकार कक्षात बरीच वर्षं बसल्यावर खरं तर आठवायला हवा तो तिथल्या गार हवेचा आणि ओल्या छत्र्यांचा वास. पण ती चाल कानावर पडली की नाकाशी येतो तो भिजलेल्या पेंढ्याचा वास. थोडा गोड, थोडा कुबट.

त्या वर्षांत आमची इमारत मोरव्याकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी होती. गिरगावातल्या, दादरच्या, परळच्या खोल्या सोडून आलेली मंडळी, एक-दोन गुजराती कुटुंबं, तळमजल्यावर एक शिंपी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भाताची खाचरं दिसत. त्यांच्यापलीकडे खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध, आणि बांधापलीकडे मिठागरांचे चौकोन. पावसात बेडूक इतके ओरडत की जेवताना पानावर बसलेल्या माणसाला मोठ्याने बोलावं लागे. नवीन आलेल्या बायका पहिल्या वर्षी त्याचं कौतुक करत. दुसऱ्या वर्षापासून कौतुक थांबलं, कारण बेडकांबरोबर पाणीही आत यायला लागलं.

पाणी का यायचं, हे कुणालाही दिसत होतं. वाटेच्या उजव्या हाताला नवी वसाहत उठत होती. डंपर येत, तांबडा मुरूम ओतत, आणि काळा चिखल बघता बघता तांबडा होई. खाचरांतलं पावसाचं पाणी ज्या नाल्याने खाडीकडे जायचं, तो नाला या तांबड्याखाली अर्धा गेला, मग सगळाच गेला. डंपरना वळायला जागा हवी म्हणून बांधही एका ठिकाणी फोडला गेला. म्हणजे आतलं गोडं पाणी बाहेर जाईना, आणि मोठ्या भरतीला बाहेरचं खारं पाणी आत यायची वाट मोकळी. भर पावसात कधी कधी ऊन पडे तेव्हा तो भराव फार सुंदर दिसायचा, गेरूने सारवलेल्या ओट्यासारखा.

वाटेला लागून पहिलं खाचर चांगुणाबाईंचं. नवरा गेलेला, दिरांनी आपापले वाटे विकलेले, हा एक तुकडा राहिला होता. त्यात खाऱ्या जमिनीतही तग धरणारा लाल तांदूळ व्हायचा. तो त्यांना वर्षभर पुरे. थंडीत त्याच शेताच्या कडेला वाल आणि माठ. ते घेऊन त्या इमारतीखाली उभ्या राहत आणि हाक मारत. धाकटा दीर जमीन विकायच्या कागदावर त्यांची सही व्हायची वाट बघत होता. त्या सही करत नव्हत्या, कारण भात येत होतं. पण खारं पाणी एकदा शिरलं की दोन-तीन पावसाळे माती धुतली जाईपर्यंत त्यात काही उगवत नाही, हे गावातलं पोरही सांगे. तेव्हा लावणीच्या आधी नाला मोकळा होणं, बांधाची फट बुजणं, यावर त्यांचं सगळं अडलेलं होतं.

एकदा आमच्या तळमजल्यावरच्या शिंप्याची बायको पायरीवर बसून पाणी काढत होती. चांगुणाबाई वाटेवरून म्हणाल्या, "ताई, तुमचे घरान पानी कवापासून शिरतंय?"

"काल रात्रीपासून. तुमच्याकडे?"

"आमचे शेतानपन तवाच. म्हंजे आपून सख्ख्या शेजारी झालो." आणि हसत पुढे गेल्या.

प्रश्न विचारणारे आमदार दुसऱ्याच जिल्ह्यातले होते. गावच्या माणसांनी त्यांना गाठलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि प्रश्न दिला. प्रश्न दिला की संबंधित खात्याला उत्तर तयार करावं लागतं, आणि उत्तरासाठी पाहणी. घरांचं खातं, पाण्याचं खातं, शेतीचं खातं, तिघांचा संबंध येत होता. तिघांचे अधिकारी एकाच जीपमधून येणार असा निरोप आदल्या संध्याकाळी गावात आला.

निरोप आल्यावर देवळापुढे बैठक बसली. धर्माजी हे गावातले वडीलधारे. सगळे त्यांना दादा म्हणत. इमारतीतले आम्ही तिघे-चौघेही गेलो होतो.

"सायेब लोकं येतान उंद्या," धर्माजी म्हणाले. "वाट बगलीव का? ढोपरभर पानी. त्यांना काय बूट हातान घेवाला लावाचं?"

कुणीतरी मागून म्हणालं, "घेतील. आमी घेतोच ना?"

"तू घे रं. तुजे बूट हान तरी कुटं?" हशा झाला. धर्माजी हसले नाहीत. "पाव्हना येतो तवा आंगन सारवतो का न्हाय? गनपती येतो तवा वाट करतो का न्हाय? मंग तशीच कराची."

गणपतीची वाट म्हणजे मोरव्याची जुनी रीत. मूर्ती गावात येण्याच्या सकाळी सगळी आळी वाटेवर उतरायची, पत्र्याच्या डब्यांनी पाणी उपसायची, आणि चिखलावर पेंढा पसरायची, म्हणजे मूर्ती घेतलेल्याचा पाय घसरू नये. त्या बैठकीत या रीतीला कुणी हरकत घेतली नाही. चांगुणाबाई म्हणाल्या, "माजी उडवी हाय. तिचा पेंढा न्या." गेल्या हंगामाच्या पेंढ्याची गंजी, गावच्या शब्दात उडवी, त्यांच्या परड्यात प्लास्टिकखाली झाकून ठेवलेली होती.

सकाळी ओहोटी होती. गावातल्या पुरुषांनी भरावातून एक चर खणला, नाल्याच्या जुन्या अंगाने. पाणी खळखळ करत खाडीकडे निघालं. उरलेलं बायकांनी उपसलं. वाट कोरडी व्हायची तर वाटेलगतचं खाचर आधी खाली व्हायला हवं, म्हणून चांगुणाबाईंचं खाचर पहिल्यांदा मोकळं झालं. पेंढा पसरला गेला, दाट, सोनेरी, काठाला सरळ कापल्यासारखा. त्या वाटेवरून चालताना पायाखाली मऊ लागत होतं.

इमारतीतही तेच चाललं होतं. जिन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती, कमरेच्या खाली, तपकिरी, त्याखाली दोन जुन्या फिकट रेघा. आमचे सेक्रेटरी जयंतीभाई सकाळीच चुन्याची बादली घेऊन उभे. "अरे, ये दाग निकालो पहले. साहब लोग देखेंगे तो क्या बोलेंगे, बिल्डिंग डूबती है?"

"जयंतीभाई, डूबती तो है," शिंपी म्हणाला.

"डूबती है वो अपने घर की बात है."

रेघा पुसल्या गेल्या. जिन्याला ओल्या चुन्याचा वास येत राहिला.

जीप आली. तिघे अधिकारी, त्यांतला एक उतारवयाचा, हातात काठीसारखी धरलेली छत्री. पेंढ्यावरून चालत ते गावापर्यंत गेले. पाण्याच्या खात्याचे साहेब चांगुणाबाईंच्या खाचरापाशी थांबले. पाणी उतरून नुसता काळा मऊ चिखल राहिला होता, लावणीला असावा तसा. पुढची खाचरं नव्या वसाहतीच्या कुंपणामागे होती. तिथपर्यंत पेंढा नव्हता, म्हणून तिकडे कुणी गेलं नाही.

"वाट तर छान आहे की," साहेब म्हणाले.

धर्माजींनी हात जोडले. "सायेब, पानी व्हतं. हितपर्यंत. आजच काढलं, तुमी येनार म्हून."

"म्हणजे निघतं ना?" साहेब हसून म्हणाले. हसण्यात कुचेष्टा नव्हती. "निघतं तर मग झालं."

धर्माजींच्या ओटीवर चहा झाला, बिस्किटं झाली. उतारवयाच्या साहेबांनी दुसरा कप मागून घेतला, म्हणून घरात सगळ्यांना बरं वाटलं. परतताना घरांच्या खात्याच्या अधिकाऱ्याने आमच्या जिन्यात डोकावून पाहिलं आणि नवा चुना चांगला लागलाय म्हणाला. जयंतीभाईंनी त्याला वर येऊन सरबत घ्यायचा आग्रह केला. दुपारी भरावाच्या मुकादमाने चर बुजवून टाकला. संध्याकाळच्या भरतीला पेंढा तरंगायला लागला आणि बांधाच्या फटीकडे गोळा झाला. दुसऱ्या दिवशी वाटेवर पुन्हा ढोपरभर पाणी.

त्या बुधवारी चांगुणाबाई आणि धर्माजी सभागृहाच्या प्रेक्षक कक्षात, पत्रकार कक्षाला लागूनच्या बाकावर बसले होते. आमदारांनी दोन पास दिले होते. धर्माजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, मग पुन्हा घातली. चांगुणाबाई खाली वाकून बघत होत्या. मार्शलने दोनदा त्यांना मागे व्हायला सांगितलं.

उत्तर वाचून झाल्यावर आमदार उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, ही पाहणी पावसात झाली की उन्हाळ्यात?"

"पावसातच झाली," मंत्री म्हणाले. "याच महिन्यात. तीन खात्यांचे अधिकारी होते. कुठेही पाणी साचल्याचे आढळले नाही. वाट कोरडी होती."

"मग पाणी गेलं कुठे?"

"समुद्रात!" बाकांवरून आवाज आला. हशा.

"नाला बुजवला आहे की नाही, एवढंच सांगा."

"नाला नव्या वसाहतीच्या आराखड्यात येतो. तो विषय माझ्या खात्याकडे नाही."

घरांच्या खात्याचे मंत्री अर्धवट उठले. "अध्यक्ष महोदय, नाला म्हणजे पाणी. आमच्याकडे घरं आहेत."

शेतीच्या मंत्र्यांकडे सगळ्यांनी पाहिलं. ते म्हणाले, "जमीन शेतीची असेल तर आमच्याकडे. ती शेतीची उरली आहे का, हे आधी घरांच्या खात्याने सांगावं."

"मग बेडकांनी कोणाकडे जायचं?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. आता तिन्ही मंत्रीही हसले. प्रश्न विचारणाऱ्या आमदारांनाही हसू आवरलं नाही. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका पुलाविषयी होता.

वर चांगुणाबाईंनी धर्माजींना विचारलं, "काय बोलले?"

"खरं न्हाय बोलले."

"काय खरं न्हाय? शेत का पानी?"

धर्माजींनी टोपी पुन्हा काढून मांडीवर ठेवली. त्या आपल्याशीच म्हणाल्या, "माजाच पेंढा व्हता." मार्शलने त्यांना हळू बोलायला सांगितलं.

बाहेर, पायऱ्यांपाशी, आमदार दोघांना भेटले. ते चिडलेले नव्हते, घाईत होते. म्हणाले, मार्ग आहे अजून. गावाने लेखी द्यावं, की पाहणीच्या सकाळी आम्ही स्वतः भराव खणून पाणी काढलं. मग उत्तर चुकीचं ठरतं, विषय पुन्हा आणता येतो, लावणीच्या आत आणता येतो.

धर्माजींनी मान हलवली. "न्हाय सायेब. भराव खनला बोल्लो तं पोलिस येतील. आनि त्या सायबानं आमच्या घरचा च्या घेतला. दोनदा घेतला. त्याला आता खोटा पाडू?"

"मंग मी खोटी?" चांगुणाबाई म्हणाल्या.

"तू न्हाय गो. पन..." आमदारांना आतून बोलावणं आलं. दोघे छत्र्या घ्यायला गेले. छत्र्या दारापाशी एका पिंपात उलट्या ठेवलेल्या होत्या आणि त्यातली आपली कुठली हे शोधायला वेळ लागला.

आमच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात बातमी आली. बेडकांचा विनोद चौकटीत होता. मोरव्याचं नाव शेवटच्या ओळीत.

त्या उत्तरात खोटं काय होतं, हे इतक्या वर्षांनी तपासून पाहिलं तरी बोट ठेवायला जागा सापडत नाही. अधिकाऱ्यांनी पाहिलं तेवढं लिहिलं. मंत्र्यांनी आलेलं वाचलं. गावाने पाहुण्यासाठी जे करतात ते केलं, आणि आमच्या इमारतीने घरचं बाहेर दिसू दिलं नाही. पाणी भरती-ओहोटीप्रमाणे आलं आणि गेलं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, आणि खाचर बुडत होतं. सभागृहातलं काम नंतर पुष्कळ वर्षं ऐकलं, मोठमोठी उत्तरं ऐकली, आकडे ऐकले, बाकं वाजताना ऐकली. त्यातल्या किती उत्तरांखाली असा पेंढा पसरलेला असेल, हे कळायला काही साधन नाही. पत्रकार कक्षातून वाट दिसत नाही.

नारळी पौर्णिमेच्या उधाणाला खारं पाणी बांधाच्या फटीतून आत आलं. लावणी नुकतीच झालेली होती. उशिरा, घाईत, गुडघाभर पाण्यात केलेली. पहिले दोन दिवस रोपं हिरवी दिसली. मग शेंडे पिवळे झाले, मग वाळक्या गवताच्या रंगाचे. चांगुणाबाई एका सकाळी खाचराच्या बांधावर बसल्या होत्या. त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकल्या. तळमजल्यावरच्या शिंप्याची बायको खिडकीत होती. "काय हो?" तिने विचारलं. चांगुणाबाई म्हणाल्या, "काय न्हाय. मीठ बराबर हाय."

दिवाळीपर्यंत खाचरावर पांढरा थर आला. सकाळच्या उन्हात तो चमके, लांबून वाटे मिठागर गावात सरकून आलं आहे. त्या थंडीत इमारतीखाली भाजीची हाक आली नाही. बायकांनी काही दिवस वाट बघितली, मग स्टेशनबाहेरून भाजी आणायला लागल्या. बेडूकही कमी झाले. त्यांचं तसं होणं कुणाच्या लक्षात आलं नाही. एक दिवस जेवताना आपण हळू बोलतोय एवढंच जाणवलं.

आज ती वाट नाही. सिमेंटचा रस्ता आहे, रिक्षांचा थांबा आहे, खाचराच्या जागी खांबांवर उभी इमारत आहे आणि खांबांमधे गाड्या. पावसात गाड्या दुसरीकडे नेऊन ठेवतात. राखणदार उत्तर प्रदेशातला आहे, त्याला मोरवा कुठे म्हणून विचारलं तर तो आतल्या गल्लीकडे हात करतो. चांगुणाबाईंनी जमिनीच्या कागदावर सही केली ती दुसऱ्या पावसाळ्यात, विधानसभेतल्या दुसऱ्या उत्तरानंतर. तोवर त्यांनी दिराला थांबवून धरलं होतं. "यंदा इचारतान परत," त्या सांगत. "बगू काय बोलतान."

दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न दुसऱ्या एका आमदाराने विचारला. पुन्हा पाहणी ठरली, पुन्हा निरोप आला, पुन्हा देवळापुढे बैठक बसली. या वेळी इमारतीतले जास्त जण होते. जयंतीभाईंनी आपणहून सांगितलं की जिन्यातली रेघ तशीच ठेवू. गावाने ठरवलं की चर खणायचा नाही, पाणी उपसायचं नाही, साहेबांना पाणी बघू दे.

ठरलं. माणसं उठायला लागली. तेवढ्यात धर्माजी म्हणाले, "गेल साली तो म्हातारा सायेब व्हता. तो पन येल."

"येऊं दे की."

"चिखलान पडला म्हंजे? त्याचं हाड मोडलं म्हंजे?"

सगळे चांगुणाबाईंकडे बघत होते. जमीन जायची होती ती त्यांचीच होती. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"पानी ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "वाटेवर पेंढा टाका. तो पडला तं नाव गावाचं जाईल."

अधिकारी आले. म्हातारे साहेब आले नव्हते, बदलून गेले होते. नव्यांनी खाचरातलं पाणी पाहिलं, जिन्यातली रेघ पाहिली, पेंढ्यावरून चालत गेले आणि पेंढ्यावरून परतले.

अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात उत्तर पटलावर आलं. "एक, हे अंशतः खरे आहे. सखल भागात काही ठिकाणी पाणी आढळले. तथापि गावात भाताचा पेंढा मुबलक आढळला. यावरून गत हंगामातील पीक समाधानकारक असल्याचे दिसते. दोन, सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही. तीन, प्रश्न उद्भवत नाही."

त्या पावसाळ्यात मोरव्यात एकही उडवी नव्हती. वाटेवरचा पेंढा चांगुणाबाईंनी खाडीपलीकडच्या वसईहून मागवला होता. तो घोडबंदरचा वळसा घालून टेम्पोने आला.